लॉनचा निम्मा तुकडा

४ मार्च १९७३, रविवार
निर्णय झाला. पुढच्या अंगणातलं निम्मं लॉन काढायचं, तिथे कोरफड, घायपात, सदाफुली. दुष्काळात सुशिक्षित माणसाने एवढं केलंच पाहिजे. उरलेलं निम्मं ठेवणार. बढती हुकली त्या वर्षी लावलेलं. साहेबांनी माझ्या ज्या गोष्टीचं कौतुक केलं, ती ही एकच. मालती म्हणाली, सगळंच काढा. हिला मधला मार्ग कळत नाही.

६ मार्च
वळसंगचा चनबसप्पा माळी आला. फाटकाजवळचा भाग खणू का म्हणाला. तो फार हिरवा. खिडकीखालचा नुकताच सावरलाय. शेवटी मोरीमागची जागा दाखवली. हितं गवत न्हाईच की सायेब, म्हणाला. या लोकांना प्लॅनिंग समजत नाही.

१३ मार्च
सव्वीस रोपं लागली. जाताना चनबसप्पा बजावून गेला, आठवड्यातनं एकदाच पाणी द्या, लई पाण्यानं कुजतंय हे. माळ्याचा आळस. रोज एक बादली घालणार.

२५ मार्च
नळ आता तीन दिवसांनी. मालती कोपऱ्यावरच्या हापशावरून पाणी आणते. तेवढाच व्यायाम.

८ एप्रिल
कोरफड पिवळी, बुडाशी मऊ. पाणी कमी पडत असावं. उद्यापासून दोन बादल्या. लॉन उत्तम.

१५ एप्रिल, सायंकाळी
विळा घेऊन लॉनवर बसलो. वीतभर उपटलं. पुढे हात चालेना. पुढच्या रविवारी नक्की. मालती पाठ दुखते म्हणाली. उन्हाळ्यात सगळ्यांचंच काही ना काही दुखतं.

२२ एप्रिल
मालती हापशापाशी पडली. शेजारच्या बजाबाईंनी आणि आणखी दोघींनी धरून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, मणका दुखावलाय, दीड महिना पडून राहायचं, वजन अजिबात उचलायचं नाही. कधीपासून दुखतंय, मी तिला विचारलं. संक्रांतीपासून, म्हणाली. मला सांगायचं होतंस, म्हटलं. सांगितलं होतं, म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं.

२३ एप्रिल, सकाळी
हापशावर दोन तास रांगेत. सगळ्या बायका. एक हंडा भरला, खांद्यावर घेता येईना, दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणला. निम्मा सांडला. दारात बजाबाई होत्या. म्हणाल्या, मालतीताई रोज आठ न्यायच्या की.
घरात चार लागतात. बाकीचे कुठे जायचे, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या ओट्यावरून आमचं अंगण दिसतं.