इम्रिखची काळी जीभ

२२ मार्च, शुक्रवार

भांडण! इम्रिखने परस्पर ठरवून टाकलं – मोटरसायकल पलीकडच्या गावातल्या ब्लाझेयला द्यायची. साइडकारसकट! का? तर हात कापतात, पाना धरवत नाही. "ज्याला स्वतःची गाडी दुरुस्त करता येत नाही, त्याने ती ठेवू नये." लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय.

मी म्हटलं, मी करीन दुरुस्त. लायसन्स आहे माझ्याकडे.

इतका हसला की सूप मांडीवर सांडलं. मग म्हणाला, "बरं. चर्चपुढे मोटरसायकलींना आशीर्वाद देतात ना, त्या रविवारी तू चालवत ने. तोवर दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. जमलं तर गाडी राहील."

जन्मभर शाळेत पोरांना रांधून घातलं, एका यंत्राला भिते की काय!

भितेच. गाडी गेली तर हा खुर्चीतून उठायचा नाही. गॅरेजमध्ये जायचं म्हणून तर सकाळी दाढी करतो.

२३ मार्च

प्लग काढला. पुसला. बसवला. नखं काळी. भाकरीचं पीठ इम्रिखला मळायला लावलं – त्याला हात कापले तरी चालतात.

२६ मार्च, मंगळवार

इम्रिख गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसतो आणि बडबडतो. काल तासभर कार्बोरेटरचं पुराण लावलं होतं. "कचरा अडकला तर काय करशील?"

आज किक मारमारून पाय मोडायची वेळ आली. उघडलं, तर कचरा! धुवायला काही सापडेना म्हणून कपाटातली आलुबुखाराची दारू ओतली. गाडी पहिल्या किकला सुरू!

इम्रिखच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, ती झुझानाच्या लग्नासाठी ठेवली होती!"

आमची लेक झुझाना चाळिशी ओलांडलेली. म्हटलं, तिचं काही खरं नाही. गाडीचं तरी झालं.

१ एप्रिल

ईस्टरचा सोमवार. पुरुषांनी बायकांवर पाणी ओतायचा दिवस. शेजारचा सिल्वेस्तर बादली घेऊन हजर – "मार्गिताकाकू, कुठे लपलात?" मी गाडीखाली होते. म्हटलं, ओतलंस तर हा पाना टाळक्यात घालीन! गडी मुकाट्याने इम्रिखवर ओतून गेला.

इम्रिख भिजलेल्या मांजरासारखा. पण तोंड चालूच. "क्लचची तार रस्त्यात निसटली तर काय करशील?"

२ एप्रिल

क्लचची तार निसटली! या माणसाची जीभ काळी आहे.

९ एप्रिल

काल ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटवर भाषण, आज पॉइंट बिघडले. दिवसभर खटपट केली. ठिणगी नाही ती नाहीच. शेवटी पाना फेकला आणि ओरडले – दे ब्लाझेयला! मला नको ही अवदसा!

इम्रिख उठून आत गेला. माझ्यासाठी कॉफी घेऊन आला. निम्मी बशीत. "उद्या कर. आज दमलीस."

मला फार वाईट वाटलं.

१० एप्रिल

जमलं!!

२० एप्रिल

ताकीद दिली – आता एकही अशुभ शब्द काढायचा नाही. "चेनबद्दल थोडंसं –" "नाही!" त्याचा चेहरा पडला.

२१ एप्रिल

तरीही चेन सैल! आता नजरही काळी झाली वाटतं.

२८ एप्रिल, रविवार

पहिल्या किकला नाही, दुसऱ्या किकला! इम्रिख साइडकारमध्ये, डोक्यावर टोपी घट्ट दाबून. वाटभर सूचना. "गिअर बदल! कोंबडी! अगं, कोंबडी!" कोंबडी वाचली.

चर्चपुढे चामडी जाकिटवाल्या दांडग्यांची रांग आणि त्यात मी, सणाच्या स्कर्टमध्ये. फादर पाणी शिंपडत आले. माझ्या तोंडून निघून गेलं, "प्लगवर नको!" सगळे हसले. फादरही.

गाडी राहिली! परतताना इम्रिखने गाणं म्हटलं. बेसूर. पण किती महिन्यांनी!

३० एप्रिल, मंगळवार

चर्चमध्ये गाण्याचा सराव. अर्ध्या वाटेतून परत आले, चष्मा विसरला होता. गॅरेजचं दार किलकिलं. इम्रिख गुडघ्यांवर बसून कार्बोरेटरचा स्क्रू सैल करत होता. हात थरथरायचा, स्क्रू ड्रायव्हर खाचेतून निसटायचा. हात काखेत दाबून धरायचा, पुन्हा लावायचा. कचरा, तार, पॉइंट, चेन – सगळं असंच केलं असणार. एकेक धडा. मला यावं म्हणून.

तशीच चष्म्याशिवाय गेले. एक ओळ वाचता आली नाही.

संध्याकाळी म्हणतो, "मार्गिता, गाडी सुरूच होत नाहीये गं."

"अरे देवा! आता काय झालं हिला?" म्हटलं, आणि पाने काढले.