शालेय कामकाजाच्या नावाखाली केलेल्या तक्रारी मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
इंटरनेट सेवा, विभागीय कार्यालय.

विषय : घरच्या इंटरनेट जोडणीबाबत मी केलेल्या सर्व तक्रारी मागे घेणे व आपल्या तंत्रज्ञांवर त्यापोटी झालेली कारवाई रद्द होणे.

संदर्भ : १) माझ्या चार तक्रारी. २) आपल्या कार्यालयाचे शाळेस आलेले दिलगिरीचे पत्र.

महोदय,

संदर्भातील तक्रारींमध्ये मी असे नमूद केले होते की, सायंकाळी शालेय कामकाज करताना घरचे इंटरनेट वारंवार खंडित होते. त्यातले खंडित होणे खरे आहे. शालेय कामकाज खोटे आहे. मी संगणकावर ऑनलाइन खेळ खेळत होते. हे वाक्य लिहिताना माझे बरेच कागद वाया गेले आहेत, म्हणून ते आधीच लिहून टाकले. बाकीची हकीगत आता खालीलप्रमाणे सादर करते.

१. मी एका माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका असून वरच्या वर्गांना विज्ञान शिकवते. दरवर्षी पालक सभेत संगणकावरील खेळांचे दुष्परिणाम या विषयावर माझे भाषण असते. भाषण परिणामकारक होते, असे पालक सांगतात. त्याचा परिणाम कुठवर पोहोचला, ते पुढे येईलच.

२. माझा धाकटा भाऊ दुसऱ्या गावी बंदरावर क्रेन चालवत असे. गेल्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. चालणे सुधारले, बोलणे सुधारले, उजवा हात मात्र मागे राहिला. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी दाबायला दिलेला रबरी चेंडू त्याने खिडकीतून रस्त्यावर भिरकावला. बटणे दाबून खेळायचा एखादा खेळ तरी खेळा, बोटे हलतील, असे त्यांनी सुचवले, तेव्हा आता माझ्याबरोबर कोण खेळणार, असे म्हणून तो भिंतीकडे तोंड करून झोपला. भावजयीने मला फोन केला. ताई, तुमचे तेवढे ते ऐकतात, असे ती म्हणाली.

म्हणून मी खेळायला शिकले. या खेळात दोन गिर्यारोहक एकाच दोराला बांधलेले असतात. एकाने दोर धरून ठेवायचा, दुसऱ्याने चढायचे, मग उलट. दोघे दोन गावांत असले तरी कानाला लावलेल्या माईकमधून बोलता येते. एकाचे इंटरनेट गेले की त्याचा माणूस पडद्यावरून नाहीसा होतो आणि दुसरा खाली कोसळतो. खेळात माझे नाव भावाने "मोठ्या बाई" असे ठेवले आहे. सुरुवातीला त्याला एक बटण दाबायलाही फार वेळ लागे. मी दोर धरून थांबत असे. त्या थांबण्यात आम्ही जेवढे बोललो, तेवढे मोठेपणी कधी बोललो नव्हतो.

३. आमचा संगणक बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी असे. तिथवरची वायर आपल्याच तंत्रज्ञांनी भिंतीच्या कडेने खिळे मारून नीट आणून दिली होती. परंतु त्या खोलीत येणारी-जाणारी माणसे, शेजारी, कधी पालकही. मुख्याध्यापिका कानाला माईक लावून "दोर सोडू नकोस" म्हणून ओरडताना कोणी पाहिले असते तर? मी संगणक उचलून मागच्या खोलीत नेला. तिथे गाद्या आणि ट्रंका असतात. लांब वायर आणून ती दाराच्या बिजागरीच्या फटीतून आत घेतली आणि दार लावून बसू लागले. घरात सांगितले की, पेपर तपासते आहे. माझ्या सासूबाई आल्यागेल्याला दारातूनच परत पाठवत. त्या दबक्या आवाजात सांगत, "सूनबाई कामात आहे." ते मला आत ऐकू येई.

४. जोडणी तुटू लागली ती त्यानंतर. कधी लगेच, कधी बऱ्याच वेळाने, आणि तुटली की भाऊ कोसळे. मी शक्य ते सर्व करून पाहिले. राउटर बंद करून चालू केला, लोखंडी कपाटाआडून काढून उंच फळीवर ठेवला. यजमानांचा फोन आणि सासूबाईंच्या मालिका बंद ठेवल्या, ज्याबद्दल दोघांनीही मला काही विचारले नाही, कारण काम शाळेचे होते. संगणकाने पलीकडे हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागतो ते मोजायचे, याला पिंग म्हणतात, तेही शिकले. ओ झटपट येई, आणि मधेच एकदम येईनाशी होई. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे मी मुलांना शिकवते. मी मात्र सर्व काही बदलून पाहिले, फक्त दार सोडून. दार उघडे ठेवून पाहावे, असे माझ्या मनातही आले नाही.

एके दिवशी तो बऱ्याच उंचीवरून पडला. मी परत जोडले गेले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "ताई, माझ्या संथपणाचा कंटाळा येत असेल तर सांगून जात जा. असं मधेच जाऊ नकोस." इंटरनेट गेले होते, असे मी सांगितले. तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो खेळायला आला नाही. भावजयीने सांगितले की, हात पांघरुणाखाली ठेवून बसून असतात.

५. त्या घाबऱ्या मनःस्थितीत मी आपल्याकडे पहिली तक्रार केली. खेळासाठी म्हटले तर कोण लक्ष देणार, आणि माझे नाव कुठे कुठे जाईल, या दुहेरी भीतीने "शालेय कामकाज" असे लिहिले. तंत्रज्ञ तत्परतेने आले. येथे कबूल करताना मान खाली जाते, परंतु ते येण्यापूर्वी मी संगणक उचलून पुन्हा बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी ठेवत असे, त्यांच्याच जुन्या वायरीला जोडत असे, आणि ते गेले की परत मागे नेऊन पिंग मोजत असे, तेव्हा ओ पुन्हा येईनाशी होई. साहजिकच त्यांना प्रत्येक वेळी सर्व काही ठीक आढळले. ते विचारत, "बाई, नेमकं काय करताना तुटतं?" मी सांगत असे, अहवाल पाठवताना.

दुसऱ्या भेटीत त्यांनी ओळख सांगितली. त्यांची मुलगी आमच्याच शाळेत शिकते. सभेतले माझे भाषण ऐकून त्यांनी त्याच संध्याकाळी घरच्या संगणकावरचे तिचे खेळ काढून टाकले होते. ती बरेच दिवस त्यांच्याशी बोलली नाही, पण तिच्या भल्यासाठीच केले ना, बाई, असे त्यांनी मला विचारले. मी हो म्हणाले. त्यानंतर खरे सांगणे मला शक्य राहिले नाही. चौथ्या तक्रारीत मी लिहिले की, आपले तंत्रज्ञ प्रकरण गांभीर्याने घेत नाहीत.

६. यावर आपल्या कार्यालयाने शाळेच्या पत्त्यावर दिलगिरीचे पत्र पाठवले. संस्थेच्या अध्यक्षांनी ते शिक्षकांच्या खोलीत सर्वांसमोर वाचले आणि मुख्याध्यापिका घरी बसूनही शाळेसाठी राबतात, हे सर्वांनी लक्षात घ्यावे, असे सांगितले. शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून पाणी प्यायले. पत्राच्या शेवटच्या ओळीत असे होते की, संबंधित तंत्रज्ञांना कारणे दाखवा नोटीस देऊन ग्राहकसेवेतून गोदामात हलवण्यात आले आहे. ती ओळ अध्यक्षांनी वाचली नाही. मी नंतर वाचली.

७. दरम्यान भावजयीने मिनतवारी करून भावाला पुन्हा खेळायला बसवले. त्या संध्याकाळी मी आत "धर, धर, मी आहे" असे ओरडले. पेपर तपासणाऱ्या सुनेला कोणाला धरायचे आहे, या काळजीने सासूबाई दार ढकलून आत आल्या. पडद्यावर दोघेजण कड्याला लोंबकळत होते. सासूबाईंनी विचारले, "हा खालचा कोण?" मी भावाचे नाव घेतले. त्या ट्रंकेवर बसल्या आणि तो वर पोहोचेपर्यंत उठल्या नाहीत. दार उघडेच राहिले होते. त्या दिवशी जोडणी एकदाही तुटली नाही.

हे माझ्या लक्षात आले ते रात्रीच्या जेवणाला बसल्यावर. पान तसेच ठेवून उठले. दार लावले, पलीकडून ओ येईना. उघडले, ओ आली. पुन्हा लावले. बिजागरीत वायर चेमटून तिचे वरचे आवरण फाटले होते आणि आतल्या तारा दिसत होत्या. आपल्या सेवेत कोणताही दोष नव्हता. दार मी लाजेपोटी लावत होते आणि ते लावल्यामुळेच तुटत होते.

८. भावाला मी दुसऱ्या दिवशी सर्व सांगितले. आधी तो पुष्कळ हसला. मग त्याने विचारले, "ताई, लाज खेळाची वाटत होती की माझी?"

खेळाची, असे मी लगेच म्हणायला हवे होते. परंतु भाऊ कसा आहे, असे शाळेत कोणी विचारले की मी "बरा आहे" म्हणून विषय बदलत आले आहे, हे मला त्याच क्षणी आठवले. पडद्यावर त्याने दोर धरून ठेवला होता. शेवटी मी म्हणाले, "थोडी तुझीही." तो म्हणाला, "मलाही वाटते. चल, चढ."

९. तंत्रज्ञांना मी शाळा सुटताना फाटकाशी गाठले. ते मुलीला न्यायला आले होते. मुलीला पुढे पाठवून त्यांनी उभ्या उभ्या सगळे ऐकून घेतले. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते. ते म्हणाले, "पहिल्याच दिवशी बोलला असतात तर मागच्या खोलीत वायर ओढून दिली असती, बाई. अर्ध्या तासाचं काम होतं." मग ते म्हणाले, "आता घरी मुलीला काय सांगू?" तिच्या वडिलांनी माझ्या सांगण्यावरून तिचे खेळ काढून टाकले आणि मी अर्धवट माहितीवर बोलले होते, हे मी त्या मुलीला स्वतः सांगितले. तिने मान डोलावली आणि वडिलांच्या मागे गाडीवर जाऊन बसली. पुढील पालक सभेत काय बोलायचे, ते अद्याप ठरलेले नाही. पूर्वीचे भाषण आता करता येणार नाही.

सबब विनंती करते की :

(अ) माझ्या सर्व तक्रारी निकाली काढाव्यात व कारण म्हणून "ग्राहकाने वायर दारात चेमटवली" असे स्पष्ट लिहावे.

(आ) तंत्रज्ञांची नोटीस मागे घेऊन त्यांना पूर्वीच्या कामावर घ्यावे. त्यासाठी मला समक्ष बोलावल्यास मी येईन आणि वरिष्ठांसमोर हेच सांगेन.

(इ) शाळेस पाठवलेल्या पत्राची दुरुस्ती शाळेसच पाठवावी, माझ्या घरी नको. अध्यक्षांना ती मोठ्याने वाचण्याची विनंती मी करणार आहे.

(ई) येत्या रविवारी सायंकाळी देखभालीसाठी सेवा बंद राहील, असा आपला संदेश आला आहे. त्यात वेळ दिलेली नाही. वेळ बदलावी, असे म्हणण्याचा मला अधिकार उरलेला नाही. केवळ नेमकी वेळ कळवावी, म्हणजे त्याआधी आम्हा दोघांना शिखर गाठता येईल. फार उशीर लागणार नाही. हल्ली भाऊ माझ्याआधी वर पोहोचतो आणि दोर ओढून मला वर घेतो, उजव्या हाताने.

आपला वेळ घेतल्याबद्दल खजील असलेली,
आपली नम्र,

(सही)
घरगुती ग्राहक
दि. १७ ऑक्टोबर