माझ्या फुंकरीचा निकाल

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघे परवानगी देतील तितकाच). वहिनी कशी आहे? तुझा ड्रम आणि तुझ्या पोटातली ती 'उष्णता' काय म्हणते? माझं विचारशील तर सांगायला अभिमान वाटतो, माझ्या पोटाची तपासणी झाली आणि दवाखान्यात अजून माझं नाव निघतं.

त्याचं असं झालं. वर्षभर जळजळ होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जठरात जंतू असावा आणि तो शोधायच्या चार वाटा आहेत. रक्त तपासलं तर जंतू जुना की आत्ताचा ते कळत नाही म्हणे. शौचाची डबी घेऊन रस्त्याने जायची माझी तयारी नव्हती (कोपऱ्यावरचा न्हावी हातात काय आहे ते विचारल्याशिवाय सोडत नाही). तोंडातून नळी घालून आतला तुकडा काढतात हे ऐकून मी खुर्चीतून उठलोच होतो. चौथी वाट श्वासाची. एकतीस वर्षं बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलेल्या माणसाला ते फुंकायला सांगत होते, दादा. मी परत बसलो.

आधी एका पिशवीत फुंकायचं, मग आंबटसर पाणी प्यायचं आणि अर्ध्या तासाने दुसऱ्या पिशवीत फुंकायचं. जंतू असला तर तो त्या पाण्यातलं औषध फोडतो आणि त्याचा वायू श्वासात उतरतो. तपासनीस बाई म्हणाल्या, हळू फुंका. मी बेंबीच्या देठापासून फुंकलं. पिशवी टिकली, पण तिची नळी निसटून भिंतीवरच्या घड्याळावर आदळली आणि बाकावरचे सगळे पेशंट माझ्याकडे बघायला लागले. दुसरी पिशवी मी शहाण्यासारखी भरली. निकाल आला, जंतू नाही. मी गल्लीभर सांगत सुटलो.

मग तुझ्या भावजयीने माती केली. या तपासणीआधी दोन आठवडे आम्ल कमी करायच्या गोळ्या बंद ठेवायच्या असतात आणि मी मुद्दाम रोज दोन घेत होतो, हे तिने डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं. तूच सांग, बँडमास्तर बघायला येणार म्हटलं की आपण वाद्यं घासूनपुसून ठेवायचो ना? तसं मी पोट आवरून ठेवलं होतं. गोळ्यांनी जंतू मरत नाही, नुसता दबून बसतो म्हणे. दोन आठवडे जळजळ सोसून मी पुन्हा फुंकून आलो. असा दमदार श्वास बाईंनी आजवर पाहिला नव्हता.

तुझा,
धाकटा

ता. क. दुसरा निकाल लिहायचा राहिला. जंतू आहे. आकडा त्या आठवड्यातला सगळ्यात मोठा (बाईंनी दोनदा तपासला). चौदा दिवसांचं औषध चालू आहे.

ता. क. २. घरात आणखी कुणाला त्रास होता का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी बाबांचं सांगितलं. ते उष्णता उष्णता म्हणत राहिले आणि पोटात रक्तस्राव होऊन गेले. तूही उष्णताच म्हणतोस. आपण दोघं एका ताटात जेवून मोठे झालो, दादा. मला तुझी फार काळजी वाटते. पुढच्या महिन्यात सात तारखेला तुझी वेळ घेतली आहे.

ता. क. ३. ड्रमच्या खोळीतली गोळ्यांची बाटली शोधू नकोस. वहिनीने ती परवाच माझ्याकडे पोचती केली. आणि तुला फुंकता येत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून मी शेजारी बसणार आहे.