कोंडलेल्या सासूची सूचना

महाळुंगे,
मंगळवार

तीर्थस्वरूप भीमराजमामांना,

कस्तुराचा सविनय जय भीम. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींची साखर खाली आली असेल. नसेल आली तर त्यांना म्हणावं, राजगुरुनगरच्या बाजारात उभ्या उभ्या खाल्लेली जिलेबीसुद्धा रक्तात मोजली जाते. आम्ही सगळे बरे आहोत. (मी बरी आहे की नाही हे मलाच कळेनासं झालंय, पण पत्रात असंच लिहितात.) माझ्याबद्दल तुमच्या कानावर काही आलं असेल, तर त्यातलं निम्मं खरं आहे. कोणतं निम्मं, तेच सांगायला बसलेय.

आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष मालोजीभाऊ (कंपन्यांना टेम्पो पुरवतात, पुस्तकांनाही 'माल' म्हणतात) पुण्याला कुठल्याशा शिबिराला गेले आणि 'ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी उपयुक्त आणि मजेदार संकेतस्थळे' मोबाइलमध्ये भरून घेऊन आले. कर्मचारी म्हणजे मी एकटीच. दारातूनच म्हणाले, "कस्तुराताई, आजपासून रोज संकेतस्थळाला जात जा." नेमके आमचे हे तेव्हा मला डबा द्यायला आले होते. मामा, जुन्या कवितांत संकेतस्थळी कोण जातं आणि कशाला जातं, हे त्यांनाही शाळेत शिकवलेलं आहे. दिवसभर माझ्याशी फार जपून बोलले.

पहिल्याच संकेतस्थळाने मला म्हटलं, तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा, आणि बसची चित्रं ओळखायला लावली. माणसं बसलेलं जे जे वाहन दिसलं ते मी दाबलं, कारण चाकणला माणसं टेम्पोतही बसतात. नापास झाले. (ह्यांच्या कंपनीत खरेखुरे यंत्रमानव गाड्या रंगवतात, त्यांना कुणी असलं काही विचारत नाही.) दुसरं स्थळ मजेदार म्हणून दिलेलं होतं. त्याने प्रश्न विचारविचारून मी स्वभावाने कोणतं पुस्तक आहे ते सांगितलं. मी पाककृतींचं निघाले. तुमच्या भाचीचा स्वयंपाक तुम्ही जाणताच, तेव्हा यावर काय बोलायचं.

मात्र दोन स्थळं खरंच उपयोगाची निघाली, आणि घोळ त्यांनीच घातला. एका ठिकाणी पुस्तकाच्या पानाचा फोटो टाकला की ते पान मोठ्याने वाचून दाखवतं. ते मी गवराआजींसाठी लावलं. गवराआजी म्हणजे आमच्या शेजारच्या. जमीन कंपनीत गेली, मुलगा वारला, आता घरात त्या आणि सून सुप्रिया, जी वायरिंगच्या कंपनीत जाते. आजींना अक्षरओळख नाही, पण गोष्टीचं वेड. त्यांना मी एक जुनी जाडजूड कादंबरी लावून दिली. त्यातली सून सासूला खोलीत कोंडून ठेवते. यंत्र वाचतं चांगलं, फक्त सासूच्या रडण्याच्या मधोमध आमचा शिक्काही तितक्याच दुःखाने वाचतं, "सार्वजनिक वाचनालय, महाळुंगे." आजींना वाटतं ते त्या सासूचं माहेर आहे.

दुसऱ्या ठिकाणी आपण बोलायचं आणि ते लिहून घेतं. मागच्या आठवड्यात मी सभासदांच्या ग्रुपवर टाकायला रविवारच्या सुट्टीची सूचना सांगायला लागले, तेवढ्यात आजी आल्या, कादंबरीतलं पुढचं सांगत. मी ऐकत बसले. यंत्रही ऐकत बसलं. आजींचं झाल्यावर मी सूचनेचं शेवटचं वाक्य बोलले आणि चष्मा न लावता बटण दाबलं. साडेतीनशे घरांत काय पोचलं ते जसंच्या तसं देते:

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की येत्या रविवारी सुनेनं सासूला खोलीत कोंडलं अगंबाई व्हय बाहेरून कुलूप आन् किल्ली कमरंला मग सासू मेली का न्हाई आजून न्हाई तरी सर्व सभासदांनी सहकार्य करावे."

मामा, आजवर आमच्या एकाही सूचनेला कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. या वेळी पोलीस पाटील चिमाजीभाऊ स्वतः आले. मालोजीभाऊ टेम्पो घेऊन आले. (टेम्पो कशाला, विचारू नका.) मधलं बोलणं गवराआजींचं होतं हे माझ्या तोंडून निघायला आणि गर्दी आत शिरायला एकच गाठ पडली. सगळ्यांनी आपापला अर्थ लावला. कुणीतरी सुप्रियाच्या सांगवीच्या भावाला फोन केला, त्याने कंपनीत फोन केला, आणि ती पाळी अर्धी टाकून, अंगात कंपनीचा कोट तसाच ठेवून धावत आली.

मी ओरडून सांगत होते की हे पुस्तकातलं आहे. माझं कोण ऐकतंय! चिमाजीभाऊंनी आजींना समोर बसवलं आणि विचारलं, "आजी, भिऊ नका. सून कोंडती का?"

"व्हय तर! लई छळती. आन् वर पावन्यांना सांगती, सासू गावाला गेलीय."

सुप्रिया पांढरी पडली. "आत्या, मी कधी असं बोलले?"

"तू कशाला? तू गप बस. पुस्तकातली म्हन्ते मी!"

लोक हसले. चिमाजीभाऊंनी टोपी काढून घाम पुसला. मला वाटलं, सुटले. पण सुप्रिया हसली नाही. ती तिथेच बाकावर बसली आणि हळूच म्हणाली, "पण पहिल्या पाळीला जाताना मी कडी बाहेरून लावतेच की. रस्त्याला कंटेनर, ह्या एकट्या कुठं निघतील म्हणून."

आजी उठून तिच्याशेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "ठावं हाय मला. कडी वाजती तवा जागीच असते मी. म्हनलं, कामाला निघालीय, कशाला बोलावं." सुप्रियाला रडूच आलं, आणि आजींनी सगळ्या गावासमोर तिच्या कोटाच्या बाहीनेच तिचे डोळे पुसले. मामा, मला त्या वेळी कुणाकडे बघावं ते कळेना, म्हणून मी संगणकाकडे बघितलं. तो म्हणत होता, तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा.

आता पहिल्या पाळीला सुप्रिया आजींना माझ्याकडे सोडून जाते. आम्ही दोघी मिळून वाचनालय उघडतो. आणि त्या दिवशी जमलेल्यांपैकी निम्मे लोक आता रोज संध्याकाळी पुढचं ऐकायला येतात, चिमाजीभाऊ पहिल्या बाकावर. यंत्राचा कंटाळा आला म्हणून आता मीच वाचते.

मामींना नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद.

तुमची भाची,
कस्तुरा

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. आमच्या प्रतीत कादंबरीची शेवटची पानंच नाहीत, हे मला काल कळलं. तुमच्याकडच्या वाचनालयात तिची प्रत असेल (मुखपृष्ठाचा फोटो तुमच्या मोबाइलवर टाकलाय) तर शेवटाचे फोटो तातडीने पाठवा. शनिवारपर्यंत मी हळूहळू वाचून वेळ काढते.

ता. क. दुसरा. शेवटी सासू कोंडलेलीच मरत असेल, तर फोटो पाठवू नका. जयंतीच्या नाटकांचे शेवट तुम्ही पडद्यामागे उभ्या उभ्या बदलायचात, तशी दोन पानं लिहून द्या. दार सुनेनेच उघडलं पाहिजे, एवढं बघा. आजींना वाचता येत नाही, आणि बाकीचे वाचनालयात येत असले तरी वाचत कुणीच नाही.