कवटीपुढे ठेवलेलं फूल

मंगळवार, ४ मार्च

जेवायच्या टेबलावर कवटी — आणि मी म्हणे जेवायचं!

खरी नाही, प्लास्टरची. शाळेची. मुलगा जीवशास्त्र शिकवतो म्हणून मी त्याला मास्तर म्हणते. त्याला आवडत नाही, म्हणून जरा जास्तच म्हणते. वर्गात कोणाच्या तरी हातून पडली, जबड्याचा टवका उडाला, तो चिकटवायला घरी आणलीय. सून म्हणाली, "पाहुणीला ताट वाढू का?" दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असते बिचारी, संध्याकाळी जिभेला धार येते.

म्हटलं, मास्तर, ही कोण? म्हणाला, लाखो वर्षांपूर्वीचं कोणीतरी, माणूस व्हायच्या वाटेवरचं. बाई की बुवा? "नक्की सांगता येत नाही." वय? "म्हातारं असावं, कदाचित." ह्याच्या प्रत्येक वाक्याला एक कदाचित. आमच्या अख्ख्या प्रार्थनेत एकदाही येत नाही!

मग त्यानं माझं बोट धरून जबड्यावरून फिरवलं. गुळगुळीत. दात नाहीत. "दात पडल्यावर हाड भरून आलंय, आई. म्हणजे दात गेल्यावरही हा जीव बरीच वर्षं जगला."

"खात काय होता मग?"

"कोणीतरी मऊ करून देत असावं. कदाचित."

 माझी कवळी पेल्यात होती आणि ताटात सुनेनं कुस्करून दिलेला बटाटा.

बुधवार, ५ मार्च

नातीनं शिकायला परगावी जाताना हा फोन लावून दिला. बोललं की लिहितो. "आजी, तारीख सांग आणि सुट." मला अक्षर येत नाही. म्हणजे माझंच लिहिलेलं मला वाचता येत नाही — यापेक्षा पक्कं कुलूप कुठलं?

डिंक वाळेपर्यंत कवटीला धक्का लागू देऊ नकोस, असं बजावून मास्तर शाळेत गेले. धक्का न लागणारी घरात एकच जागा. माझी देवाची फळी. तिथं ठेवली. दिव्यापाशी. देवासाठी आणलेल्या फुलांतलं एक तिच्यापुढेही ठेवलं.

पडद्याची मापं घ्यायला शिंपीण आली. हिची मुलगी मास्तरांच्याच वर्गात आहे. स्टुलावर चढली आणि तिथूनच किंचाळली, "आजी! हे काय?"

म्हटलं, "हा माझा देव, आणि तो मास्तरांचा. माझा जुना, त्यांचा त्याहून जुना!"

हसून हसून तिच्या तोंडातल्या टाचण्या पडल्या. मग फोन काढून फोटो काढला. मीही पदर सावरून बाजूला उभी राहिले की! हौस दांडगी.

शुक्रवार, ७ मार्च

फोटो गावभर झालाय.

सुनेनं खालचा मजकूर वाचून दाखवला. 'मास्तर घरी माकडाची पूजा करतात आणि शाळेत आपल्या लेकरांना तोच धर्म शिकवतात. उत्क्रांती हा धर्मच आहे. आपल्या धर्माची पोरं दुसऱ्या धर्मात ओढायची ही युक्ती.' तिनं दोनदा वाचलं. 

बुधवारी शाळेच्या समितीपुढे हजर राहायचं आहे. नोकरीवर बेतलंय.

मास्तरांनी मला एका शब्दानं दुखावलं नाही. नुसतं विचारलं, "आई, फूल का ठेवलंस?" म्हटलं, अरे, थट्टा! सगळ्यांना तेच सांगितलं.

मस्करीची कुस्करी होते म्हणतात. इथं तर खटला झाला.

शनिवार, ८ मार्च

शनिवारी आमच्या प्रार्थनेच्या बायका माझ्याकडे जमतात. मी तरणी होते तेव्हापासून. आज कोणी चहाला हात लावला नाही. सगळ्यांच्या नजरा फळीवर. कवटी मी केव्हाच उचललेली, तरी तिथंच!

थोरलीनं विचारलं. आमच्यात सगळ्यांत म्हातारी ती, म्हणून थोरली. "तू त्या हाडकाला देवाशेजारी बसवलंस?"

"गंमत केली गं."

"देवाची?"

"नाही. मुलाची."

तिचा चेहरा जरा निवळला. मुलाची गंमत चालते.

पण इथं कोण ऐकतंय? तर सांगते. गंमत शिंपिणीशी केली, ती नंतर. फूल ठेवलं तेव्हा घरात कोणी नव्हतं, हसायला कोणी नव्हतं. ते भरून आलेलं हाड माझ्या मनातून जात नव्हतं. देव माहीत नाही, दिवा माहीत नाही, बोलता तरी येत होतं की नाही कोण जाणे — अशा कोणीतरी स्वतःच्या तोंडातला घास मऊ करून एका म्हाताऱ्या जिवाला भरवला. वर्षानुवर्षं. फूल त्या भरवणाऱ्याला होतं. कवटी नुसता पत्ता.

ही पूजा होते का? होत असेल. मग ती मी केली. मास्तरांनी नाही.

रविवार, ९ मार्च

मुख्याध्यापिका घरी आल्या. बाई चांगल्या आहेत. पण घाबरल्या होत्या, हातरुमालाची पार वात करून टाकली.

"सर, एक मार्ग आहे. सांगून टाका की ही तुमची खाजगी श्रद्धा आहे. श्रद्धेवरून कोणाला नोकरीवरून काढता येत नाही, नियमच आहे तसा. समितीतले लोकही मऊ पडतील. धर्म म्हटला की लोक जरा जपून बोलतात."

सून लगेच, "सांगा ना मग! एका वाक्याचा तर प्रश्न आहे!"

"पण ती श्रद्धा नाही," मास्तर म्हणाले. "आणि धर्म म्हटला की वर्गात शिकवता येणार नाही. मग मी तिथं करू काय? खडू मोजू?"

बाई गेल्यावर मी त्याच्याशेजारी जाऊन बसले. म्हटलं, मला समजेल असं सांग. धर्म का नाही? तुझे ग्रंथ आहेत. गुरू आहेत, त्यांच्या तसबिरी तुझ्या वर्गात आहेत. सगळे आले कुठून, याची गोष्ट आहे. सुट्टीत पोरांना घेऊन त्या दगडखाणीत शिंपले बघायला जातोस ती यात्राच की! आणखी काय लागतं? घंटा?

हसला. बऱ्याच दिवसांनी. मग म्हणाला, "आई, उद्या खडकाच्या चुकीच्या थरात एक हाड सापडलं ना, तर मला हे सगळं सोडून द्यावं लागेल. दुःख होईल, पण सोडेन. तू सोडशील?"

"माझा देव हाडावर उभा नाही रे."

"तेच म्हणतोय मी."

मग मी विचारलं, "आणि हाड नाही सापडलं, नुसती माणसं म्हणाली सोड — तर?"

 चष्मा पुसत बसला. स्वच्छच होता.

सोमवार, १० मार्च

सून नवऱ्याशी बोलत नाही. नवरा कोणाशीच बोलत नाही. शेवटी मीच माझ्याशी भांडले.

मंगळवार, ११ मार्च

मास्तरांनी ठरवलंय! सुनेनं हळूच सांगितलं. उद्या म्हणणार आहेत की फूल त्यांनीच ठेवलं, आई आपली त्यांना वाचवायला थट्टा म्हणते. मी ठेवलं म्हणून सांगितलं, तर लोक म्हणतील म्हातारीनं देवाची विटंबना केली, आणि प्रार्थनेच्या बायका आईला वाळीत टाकतील. "आईला त्यांच्याशिवाय कोण आहे?" असं म्हणाला म्हणे.

गाढव आहे. माझंच.

मी उद्या जाणार. सुनेला म्हटलं, तू मला रिक्षात बसवून दे, आणि नवऱ्याला सांगशील तर खबरदार.

बुधवार, १२ मार्च

शाळेच्या वाचनालयात बैठक. खुर्च्या लहान मुलांच्या. अध्यक्षांचे गुडघे हनुवटीला टेकलेले. नळ-पाइपांचं दुकान आहे त्यांचं, आमच्या मोरीचा नळ त्यांच्याकडचाच. गळतो. मी तो विषय काढला नाही.

मी आत शिरले तेव्हा मास्तर उभा होता, तोंड उघडलेलं. मला बघून तसाच राहिला. म्हटलं, बस. बसला!

अध्यक्ष म्हणाले, "आजी, देवाची शपथ घेऊन सांगा. फूल कोणी ठेवलं?"

"मी."

"थट्टेनं?"

इथं 'हो' म्हटलं असतं तर सुंठीवाचून खोकला गेला असता. म्हातारीची थट्टा, चला घरी. कोपऱ्यात शिंपीण होती, आणि तिच्या मागे आमची थोरली. पण शपथ घेतली होती.

"नाही," म्हटलं. "मनापासून." आणि सांगितलं सगळं. दात, हाड, मऊ घास.  थोरली उठून बाहेर गेली. काठीचा आवाज जिना संपेपर्यंत येत होता.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "म्हणजे पूजा तुम्ही केलीत. आणि तुमच्या मुलाचं काय? उत्क्रांती हा त्यांचा धर्म आहे की नाही?"

कालपासून घोकलेलं सगळं विसरले. जे आलं ते बोलले. "धर्म माझा आहे. मी देवाकडे मागते. सुनेचे पाय दुखू नयेत, नातीचं भलं व्हावं, माझं मरण झोपेत यावं. याला मी त्या कवटीकडे काही मागताना कधी पाहिलं नाही. नुसतं विचारतो. ती उत्तर देत नाही, तर दुसऱ्या बाजूनं विचारतो. हा कसला धर्म? हा याचा धर्म नाही. शपथेवर सांगते."

शिंपीण रडायला लागली. अध्यक्ष खुर्चीतून सुटायची धडपड करत म्हणाले, विषय मिटला.

गुरुवार, १३ मार्च

नोकरी राहिली. सुनेनं सकाळी मला मिठी मारली. असली सवय नाही आमच्या घरात, दोघींच्याही बांगड्या अडकल्या.

थोरलीचा निरोप आला. शनिवारी प्रार्थना तिच्याकडे. मला बोलावणं नाही. अपेक्षित होतं. तरी निरोप घेऊन आलेल्या मुलीला मी विचारलंच, "सगळ्या जाणार का गं?" ती चपलेकडे बघत म्हणाली, हो.

मास्तर संध्याकाळी उशिरा आला. समितीनं एक छोटी अट घातलीय. वातावरण निवळेपर्यंत यंदा उत्क्रांतीचा तेवढा एक धडा गाळायचा. परीक्षेतही येणार नाही, पोरांचं नुकसान नाही. सून म्हणाली, "एवढंच ना!" मीही तेच म्हटलं.

त्यानं बटाटा कुस्करून माझ्या ताटात वाढला. स्वतः जेवला नाही.

शुक्रवार, १४ मार्च

मास्तर दुपारीच घरी आला. हाताला खडू तसाच. तोच धडा शिकवून आला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. उद्यापासून शाळेत जायचं नाही.

सून आत जाऊन दार लावून बसली. मी म्हटलं, अरे, एक धडा! तोंडानं नाही म्हणायचं, मनात ठेवायचा. कोण येणार होतं मनात बघायला?

"नाही जमलं, आई."

चेहऱ्यावर राग नाही, भीती नाही. हा चेहरा मी ओळखते. प्रार्थनेला बसलेल्या बायकांत दर शनिवारी बघत आले.

आणि मी सगळ्यांसमोर देवाची शपथ घेऊन सांगून आलेय, हा याचा धर्म नाही.