चौथं पान

३ मार्च

चि. चिमणीस,
ताईचे अ. आ. आणि प्रभूमध्ये सलाम.

तुझा अहवाल पोचला. मंडळीची चिटणीस मीच, म्हणून रविवारच्या उपासनेत तो वाचायचं कामही माझ्याच गळ्यात. नदीपलीकडच्या वस्तीत सुवार्ताकेंद्र उभं राहिलं, पत्र्याच्या खोलीत तीस माणसं बसतात, तू आधी त्यांच्या जखमा बांधतेस आणि मग प्रार्थना घेतेस, हे ऐकून लोकांनी डोळे पुसले. पाळकसाहेब म्हणाले की अशी समर्पित नर्स आपल्या मंडळीतून निघाली हे भाग्यच. मी त्यांच्या बाजूलाच उभी होते. बावीस वर्षं मुलांची शब्बाथशाळा घेणारी, फळा पुसून, दिवे बंद करून सगळ्यांच्या शेवटी घरी जाणारी. माझ्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही.

तुझ्यापासून काय लपवायचं? माझ्या पोटात दुखलं. सुवार्तेसाठी बाहेर पडायचं मी सोळाव्या वर्षी ठरवलं होतं. आईच्या आजारपणात मी घरी अडकले, आणि उपासनेत डुलक्या काढणारी तू निघून गेलीस. आता आई जाऊन वर्ष झालं, मी मोकळी आहे, पण मला विचारतो कोण! केंद्राचा प्रमुख कोण ते मंडळीचे पंच याच महिन्यात ठरवतील. तुझंच नाव घेतील, लिहून ठेव.

अहवाल चार पानांचा होता. उपासना लांबत होती म्हणून तीनच वाचली. पायाला जप, चिखलात रबरी बूट घालत जा.

चिडलेली असले तरी तुझीच,
ताई

२५ मार्च

ती. ताईस,
चिमणीचा प्रभूमध्ये सलाम, सा. न. वि. वि.

काल पंचांचं पत्र आलं. त्यांनी मलाच प्रमुख नेमलंय. मी कपाळाला हात लावून बसले. अगं, चौथ्या पानावर मी नेमकं उलटं लिहिलं होतं! मला जखमा बांधता येतात, माणसं बांधता येत नाहीत. कोणी वचनाचा अर्थ विचारला की मी ततपप करते, आणि माझ्या तोंडाळपणापायी दोन कुटुंबं यायची बंद झाली. म्हणून पंचांना विनंती केली होती की ताईला प्रमुख करून पाठवा, मी तिच्या हाताखाली राहीन.

पंचांच्या पत्रात तुझ्या नावाचा उल्लेखही नाही. म्हणजे ते पान तू त्यांना दाखवलंच नाहीस, हो ना? मी ओळखते तुला. स्वतःची स्तुती चारचौघांत कशी वाचायची, म्हणून लाजून गाळलंस. इतका कसला गं तो विनय! घरात मला बोल बोल बोलायचीस आणि तिथे मूग गिळून बसलीस. मी इथे तुझ्यासाठी खिडकीजवळची खाटही धरून ठेवली होती.

बूट घालते. एक फाटलाय.

तुझ्या मायेची भुकेली,
चिमणी

८ एप्रिल

चि. चिमणीस,
अ. आ. आणि सलाम.

तो विनय नव्हता. पानाच्या डोक्यावर 'आता येथील नेतृत्वाविषयी' एवढंच मला दिसलं. वाटलं, ही बया स्वतःची शिफारस करतेय आणि तीही माझ्याच तोंडून वदवून घेतेय. घडी घातली आणि गीतपुस्तकात दडपली. वाचलं नाही, पंचांना दिलं नाही, घरी येऊन जेवले आणि झोपले. तुझं पत्र आल्यावर ते पान उघडलं. मी तुझं वाईट केलं असतं तर निदान क्षमा मागून मोकळी झाले असते. इथे मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

परवाच्या रविवारी पाळकसाहेबांकडून पाच मिनिटं मागून घेतली. आधी सांगितलं की हेव्यापोटी मी हे पान लपवलं, आणि मग ते वाचलं. आपलाच गुन्हा सांगायला आपलीच स्तुती मोठ्याने वाचावी लागणं काय असतं, ते तुला कळायचं नाही. 'ताईसारखी धीराची शिक्षिका' इथे मागच्या बाकावरचं कोणीतरी फिसकन हसलं. बरोबरच हसलं.

पंच म्हणाले, नेमणूक वर्षभर बदलणार नाही. मदतनीस म्हणून धाकट्या बहिणीच्या हाताखाली जाशील का, असं विचारलं. कान तापले माझे. हो म्हणायला मला पुरते दोन दिवस लागले. एकवीस तारखेला निघते.

मी शहाणी झाले असं समजू नकोस. 'ताई आली तर लोक माझ्याकडे कमी आणि प्रभूकडे जास्त पाहतील' असं तू लिहिलंयस. वाचताना त्या वाक्यापाशी आले आणि पुन्हा जळले. इतक्या वर्षांत तुझ्याविषयी असं एक वाक्य माझ्या हातून उतरलं नाही.

सांभाळून घे.

तुझी मदतनीस,
ताई