मर्जी असेपर्यंत

३ मार्च, सोमवार. सकाळी ११.२०
रवळू शिपायानं पाकीट आणून दिलं. आमच्या शिक्षण मंडळाचे चेअरमन हरिअण्णा यांची सही. मजकूर तीन ओळींचा : १२ फेब्रुवारीच्या बोर्ड मीटिंगमधल्या ठरावानुसार सीईओ म्हणून आपली सेवा संपली, महिनाअखेर चार्ज द्यावा.
चार्ज! सोळा वर्षं निपाणीतलं हे ऑफिस मी चालवलं. संकल्प नंबर एक : खुर्ची सोडायची नाही. नंबर दोन : चिडायचं नाही. रवळूवर ओरडलो, पण ते दुसऱ्या संकल्पाच्या आधी.

४ मार्च
नेमणुकीचं पत्र शोधून काढलं. त्यात खरंच लिहिलंय, 'संचालक मंडळाची मर्जी असेपर्यंत.' मला वाटायचं, पत्राखाली 'कळावे' लिहितात तसलंच हे काहीतरी.
भाचा चिन्मय बेळगावात वकिली करतो. फोनवर म्हणाला, मामा, ह्याचा अर्थ, तुम्हाला काढायला कारण द्यावं लागत न्हाय; ठराव तेवढा रीतसर झालेला पाहिजे.
झालं तर मग! त्या मीटिंगला सेक्रेटरी म्हणून मी स्वतः शेवटपर्यंत हजर होतो. माझा विषय निघालाच नाही. ठराव बनावट आहे. सापडले लेकाचे! चिन्मयला म्हटलं, कोर्टात दावा लाव, मला काढायला मनाई हुकूम माग.

६ मार्च. पहाटे ५
झोप नाही. मीटिंग परत आठवून काढली. आधी फीवाढ, मग जिमखान्याचं गळकं छप्पर, मग चहा-भजी. शेवटी हरिअण्णा आणि संकेश्वरचे डायरेक्टर बराच वेळ कन्नडात बोलत होते. गंभीर चेहरे. छपराचंच असणार. मी मधेमधे 'हौद री, हौद री', म्हणजे हो जी, हो जी, करत होतो. जन्म सीमाभागात गेला, कन्नडचं मला काय कौतुक! मी तसं म्हटल्यावर सगळे माझ्याकडं बघायला लागले. हरिअण्णांनी तर डोळे पुसले. छपरावर एवढी माया? मला तेव्हाच कसंतरी वाटलं होतं.

१० मार्च
मीटिंगचं प्रोसिडिंग, म्हणजे इतिवृत्त, प्रियदर्शनी लिहिते. हुशार क्लार्क. कन्नडात लिहिते, कारण सरकारी ऑफिसात तेच चालतं. सही मी करतो. प्रत्येक पान वाचत बसलो तर ऑफिस कोण चालवणार?
आज ती केबिनमध्ये आली. म्हणाली, सर, रागावू नका, पण त्या मीटिंगचं पान एकदा वाचून दाखवू काय? म्हटलं, मला कन्नड शिकवतीस व्हय गं? बुक घेऊन परत गेली बिचारी. हिलाही फोडलेलं दिसतंय.

१४ मार्च
बायकोनं, सरोजिनीनं विचारलं, पत्रिकेत तुमच्या नावापुढं काय छापायचं? प्रेसवाला थांबलाय. आमच्या मुलीचं, स्वरालीचं लग्न २० एप्रिलला. म्हटलं, सीईओ. म्हणाली, अहो, जरा कोर्टाचं होऊ दे की. म्हटलं, तुझा माझ्यावर विश्वास आहे की नाही? प्रेसला मीच फोन केला. पाचशे प्रती.

१९ मार्च
रवळूनं केबिनची किल्ली मागितली. साहेब, म्या काय करू, अण्णांनी लई येळा सांगितलंय, म्हणाला. दिली नाही. डबा केबिनमध्येच खाल्ला, आतून कडी लावून. अर्धा तसाच राहिला. डब्यात भेंडी होती, बहुतेक त्यामुळं.

२४ मार्च
बेळगाव कोर्ट. पहिली तारीख. मूळ प्रोसिडिंग बुक हजर करा, असा अर्ज आपणच द्यायचा, मीच ठरवलं. चिन्मय म्हणाला, मामा, तुम्ही ते वाचलंय न्हवं? म्हटलं, अरे, सही माझी आहे त्याच्यावर! त्याचा चेहरा पडला. अनुभव कमी.

२७ मार्च. दुपारी ४
बुक हजर केलं. कोर्टात पान वाचलं. चिन्मय कानात मराठी करून सांगत होता, हळूहळू आवाज बारीक होत गेला.
'मंडळाची मर्जी आता राहिली नाही, असे चेअरमननी सीईओंना समोरासमोर सांगितले. निर्णय मान्य आहे काय, असे विचारले. सीईओंनी मान डोलावून दोन वेळा होय म्हटले. त्यांच्या मोठ्या मनाबद्दल आभाराचा ठराव एकमताने मंजूर.'
खाली माझी सही. झोकदार.
मनाई हुकूम नामंजूर. मला वाटलं, आता इथंच बसावं, उठूच नये.
बाहेर हरिअण्णा आले. खांद्यावर हात ठेवून, माझी लाज राखायला असेल, हळूच कन्नडात काहीतरी विचारलं. मी म्हटलं, हौद री.
ते गेल्यावर चिन्मयला विचारलं, काय म्हणत होते रे? म्हणाला, किल्ली आत्ताच देताय काय, म्हणून विचारलं.
अण्णांना हाक मारून परत बोलावलं. दिली.

२८ मार्च
पत्रिका आल्या. पाचशेच्या पाचशेवर सीईओ. सरोजिनी सकाळपासून काळं पेन घेऊन खोडत बसलीय. दुसरं पेन माझ्यापुढं ठेवलंय.